महास्फोटापूर्वी काय होते, हा प्रश्न खरोखरच निरर्थक आहे काय?

कृत्तिका

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत सत्तावीस वर्षे विज्ञान शिकवले आणि निवृत्तीनंतर आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात महिन्यातून एकदा विज्ञानविषयक व्याख्यान देते. गेल्या महिन्याचा विषय विश्वाची उत्पत्ती हा होता. हबल यांची १९२९ मधील निरीक्षणे, दूरच्या दीर्घिकांच्या प्रकाशात दिसणारी ताम्रसृती (प्रकाशाचे तांबड्या रंगाकडे सरकणे), १३८० कोटी वर्षे हे विश्वाचे वय, हे सारे सांगून झाल्यावर श्रोत्यांतील एका वयस्कर शेतकरी गृहस्थांनी विचारले, "बाई, स्फोट झाला म्हणता, तर तो झाला कुठे, आणि त्याच्या आदल्या दिवशी तिथे काय होते?"

मी नेहमीचे उत्तर दिले. काळाचाच आरंभ त्या क्षणी झाला, म्हणून 'त्याच्या आधी' या शब्दांना अर्थ उरत नाही. उत्तर ध्रुवावर उभे राहून अजून उत्तरेला काय आहे असे विचारण्यासारखेच ते आहे. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "ध्रुवाच्या उत्तरेला काही नाही हे तिथे जाऊन आलेले लोक सांगतात. हे कोण पाहून आले?"

मला त्यांना उत्तर देता आले नाही, आणि तेव्हापासून मी अस्वस्थ आहे. वर्गातही हाच दृष्टान्त देऊन मी अनेक मुलांना गप्प केले असेल, असे आता वाटते. 'आधी काळच नव्हता' हे सिद्ध झालेले अनुमान आहे, की ते एका विशिष्ट मताचे प्रतिपादन आहे? महास्फोटापूर्वीच्या अवस्थेवर गंभीर संशोधन होत असेल, तर ते कोणत्या आधारावर होते? शिवाय आमच्या पिढीने खगोलशास्त्र मराठीत वाचले ते मुख्यतः डॉ. जयंत नारळीकरांमुळे, आणि त्यांना तर महास्फोटच मान्य नव्हता. त्यांच्या भूमिकेचे आज काय स्थान आहे, हेही जाणकारांनी सांगावे. पुढच्या व्याख्यानाच्या आरंभी त्या गृहस्थांना नीट उत्तर द्यायची माझी इच्छा आहे.

ध्रुवमत्स्य

कृत्तिकाताई, त्या गृहस्थांची शंका रास्त आहे, आणि आपण दिलेल्या दृष्टान्ताचा उगम पाहिला की ती किती रास्त आहे हे लक्षात येते. तो दृष्टान्त स्टीफन हॉकिंग यांनी प्रसिद्ध केला आणि त्यामागे त्यांनी जेम्स हार्टल यांच्यासह १९८३ मध्ये मांडलेला एक नेमका प्रस्ताव आहे. आरंभाजवळ गेल्यावर काळ हा काळासारखा न वागता अवकाशाच्या मितीसारखा वागू लागतो, आणि त्यामुळे पृथ्वीच्या पृष्ठभागाला ध्रुवावर जशी कड नसते तशीच अवकाश-काळालाही आरंभी कड नसते, असे हा प्रस्ताव सांगतो. प्रस्ताव सुंदर आहे; परंतु तो प्रस्तावच आहे. त्यातून मिळणारे विश्व आपल्या विश्वासारखे सुरळीत निघते की नाही, यावर २०१७ पासून नील टुरोक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गंभीर आक्षेप घेतले असून तो वाद मिटलेला नाही. म्हणजे आपण श्रोत्यांना विश्वशास्त्राचा सर्वमान्य निष्कर्ष म्हणून जे सांगितले, ते एका विशिष्ट गृहीतकाचे फलित होते. ही चूक आपली एकटीची नाही. बहुतेक पाठ्यपुस्तके आणि व्याख्याते तीच करतात.

प्रथम 'कुठे' या प्रश्नाविषयी. येथे आपल्याला शब्दाने फसवले आहे. 'बिग बँग' हे नाव फ्रेड हॉयल यांनी १९४९ मध्ये बीबीसीच्या रेडिओवरील एका भाषणात वापरले, आणि ते स्वतः त्या सिद्धांताचे विरोधक होते. मराठीत त्याचा 'महास्फोट' झाला आणि स्फोट म्हटले की सुरुंगाचा स्फोट डोळ्यांपुढे येतो: एक जागा, तिथून चहूकडे उडणारे दगड, भोवती रिकामी जागा. त्याऐवजी आंबोळीचे पीठ रात्रभर फुगते ते डोळ्यांपुढे आणावे. त्यात जिऱ्याचे दाणे मिसळले असतील, तर पीठ फुगताना प्रत्येक दाणा इतर प्रत्येक दाण्यापासून दूर जातो, जो आधीच दूर आहे तो अधिक वेगाने दूर जातो, आणि कोणत्याही दाण्यावर बसून पाहिले तरी आपणच मध्यभागी आहोत असे वाटते. पीठ म्हणजे अवकाश, दाणे म्हणजे दीर्घिका. या उपमेत एकच दोष आहे आणि तो श्रोत्यांना आवर्जून सांगावा: पिठाला पातेले असते, विश्वाला ते असण्याचे कारण नाही. तेव्हा 'कुठे झाला' याचे उत्तर 'सर्वत्र झाला' असे आहे. आपले वाचनालय ज्या जागी उभे आहे तेथेही झाला.

आता 'आधी' या शब्दाकडे वळतो. आपल्याला काय खात्रीने ठाऊक आहे आणि काय नाही, याची सीमारेषा नीट आखली की अर्धा गोंधळ संपतो. विश्वाचा चित्रपट उलटा फिरवत गेलो, तर पहिला भक्कम मुक्काम महास्फोटानंतर सुमारे ३,८०,००० वर्षांनी लागतो. त्या वेळी विश्वाचे तापमान ३००० केल्विनच्या आसपास उतरले, इलेक्ट्रॉन आणि अणुकेंद्रके जोडली जाऊन अणू बनले आणि प्रकाश मोकळा झाला. तो प्रकाश आजही येतो आहे. प्रसरणामुळे त्याचे तापमान २.७२५ केल्विन इतके खाली आले आहे. पेन्झियस आणि विल्सन यांना तो १९६४-६५ मध्ये न्यू जर्सीतील एका अँटेनात न जाणारी खरखर म्हणून सापडला. त्याच्याही मागे गेलो तर पहिल्या काही मिनिटांचा मुक्काम आहे. तेव्हा विश्व इतके तप्त होते की हायड्रोजनच्या केंद्रकांपासून हेलियम बनले. वस्तुमानाने सुमारे एक चतुर्थांश हेलियम असायला हवे असे गणित सांगते आणि जुन्यात जुन्या वायूंमध्ये तेवढेच सापडते. म्हणजे विश्वाच्या पहिल्या मिनिटाचा पुरावा आपल्या हाती आहे. त्याच्याही मागे, एका सेकंदाच्या लाख कोटीव्या भागापर्यंत, पदार्थ कसा वागत असेल हे आपण कणांना प्रचंड वेग देणाऱ्या त्वरकांमधील टकरींत तपासू शकतो.

त्याही मागे फक्त गणित उरते. आणि एका सेकंदाला एकावर त्रेचाळीस शून्ये असलेल्या संख्येने भागल्यावर येणाऱ्या कालावधीच्या आसपास पोहोचलो, की ज्या सिद्धांताच्या भरवशावर आपण मागे मागे चाललो होतो, तो आइन्स्टाइन यांचा गुरुत्वविषयक सामान्य सापेक्षता सिद्धांतच तेथे लागू पडण्याची शाश्वती राहत नाही, कारण तो पुंजभौतिकी, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचे नियम (क्वांटम फिजिक्स), विचारात घेत नाही. तरीही कोणी हट्टाने तोच सिद्धांत पुढे ताणला, तर घनता अनंत होते आणि काळाची रेषा तुटते. या तुटण्याला सिंग्युलॅरिटी म्हणतात.

ही सिंग्युलॅरिटी गणिताच्या सोपेपणामुळे आलेली नाही, हे दाखवण्याच्या कामात एका भारतीयाचा वाटा पायाभूत आहे आणि तो आपल्या व्याख्यानात यावा असे मला मनापासून वाटते. कोलकात्याचे अमल कुमार रायचौधुरी यांनी १९५५ मध्ये एक समीकरण प्रसिद्ध केले. गुरुत्वाकर्षण जर नेहमी आकर्षणच करत असेल, तर कणांचे मार्ग अखेर एकत्र येण्यावाचून गत्यंतर नाही, हे त्या समीकरणातून दिसते. ब्रिटिश गणिती रॉजर पेनरोझ यांनी १९६५ मध्ये आणि हॉकिंग व पेनरोझ यांनी मिळून १९७० मध्ये सिद्ध केलेले प्रमेय याच समीकरणावर उभे आहेत. पण प्रमेयाला अटी असतात. येथे दोन अटी मुख्य आहेत: सामान्य सापेक्षता शेवटपर्यंत खरी असली पाहिजे आणि गुरुत्व सदैव आकर्षक असले पाहिजे. अतिप्रारंभीच्या विश्वात या दोन्ही अटी मोडत असाव्यात असे मानायला सबळ कारणे आहेत. हॉकिंग यांनी स्वतःही पुंजभौतिकीचा विचार केल्यावर आरंभी सिंग्युलॅरिटी नसावी, असे नंतर मांडले. तेव्हा 'काळाचा आरंभ तेथेच झाला' हे वाक्य आपल्याला निसर्गाबद्दल जेवढे सांगते, त्यापेक्षा आपल्या सिद्धांताच्या मर्यादेबद्दल अधिक सांगते.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती सहसा निसटते. तो प्राचीन प्रकाश आकाशाच्या सर्व दिशांनी जवळजवळ सारख्याच तापमानाचा येतो. फरक एक लाखात एक भाग इतकाच आहे. साध्या महास्फोटाच्या चित्रात आकाशातील परस्परविरुद्ध दिशांच्या त्या प्रदेशांना एकमेकांशी संपर्क साधायला कधी वेळच मिळाला नव्हता, मग त्यांचे तापमान जुळले कसे? या कोड्यावर ॲलन गुथ यांनी १९८१ मध्ये स्फीतीची कल्पना मांडली: तप्त अवस्थेच्या आधी विश्वाचे अत्यंत अल्प काळात प्रचंड प्रसरण झाले, आणि त्या प्रसरणाची ऊर्जा मोकळी झाली तेव्हा ती तप्त अवस्था निर्माण झाली. याचा अर्थ असा की ज्याला आपण पाठ्यपुस्तकात महास्फोटाची तप्त अवस्था म्हणतो, तिच्या आधी काहीतरी घडले हे आज बहुसंख्य विश्वशास्त्रज्ञ गृहीतच धरतात. मात्र स्फीतीने मूळ प्रश्न मिटत नाही. बोर्ड, गुथ आणि विलेन्किन यांनी २००३ मध्ये दाखवले की जे विश्व सरासरीने प्रसरणच पावत आले आहे, ते भूतकाळात अनंतापर्यंत मागे नेता येत नाही. त्या आधी काय, हा प्रश्न एक पायरी मागे सरकतो आणि तेथेच उभा राहतो.

जुना वाचक

ध्रुवमत्स्य यांनी सविस्तर लिहिले आहे. नारळीकरांच्या भूमिकेविषयी मी लिहितो, कारण पुण्यात त्यांची अनेक व्याख्याने ऐकण्याची संधी मला मिळाली आणि त्यांच्याबद्दल दोन टोकांची विधाने ऐकून वाईट वाटते. एका बाजूला 'त्यांनी महास्फोट खोटा ठरवला' असे अभिमानाने सांगणारे लोक आहेत, तर दुसऱ्या बाजूला 'ते जुन्या सिद्धांताला चिकटून राहिले' असे म्हणून विषय संपवणारे आहेत.

१९४८ मध्ये बाँडी, गोल्ड आणि हॉयल यांनी स्थिर स्थिती सिद्धांत मांडला. विश्व प्रसरण पावते हे त्यांना मान्यच होते. परंतु प्रसरणामुळे जी जागा मोकळी होते तेथे नवे द्रव्य निर्माण होत राहते आणि त्यामुळे विश्वाचे एकंदर रूप सदासर्वकाळ तेच राहते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यासाठी लागणारे द्रव्य अगदी थोडे आहे: एका घनमीटर जागेत सुमारे शंभर कोटी वर्षांत हायड्रोजनचा एखादा अणू. या विश्वाला आरंभ नाही, म्हणून 'आधी काय' हा प्रश्नही नाही. केंब्रिजमध्ये हॉयल यांचे विद्यार्थी म्हणून गेलेल्या नारळीकरांनी या द्रव्यनिर्मितीला गणिती क्षेत्राचे, म्हणजे 'सी-क्षेत्रा'चे, नीट रूप देण्याचे काम केले. द्रव्य शून्यातून येते ही टीका त्यांना अन्यायाची वाटे. त्यांचा युक्तिवाद असा असे की महास्फोटात विश्वातील सगळेच्या सगळे द्रव्य एकाच क्षणी, कोणत्याही नियमाच्या कक्षेबाहेर अवतरते आणि ते लोकांना खटकत नाही. आमच्या सिद्धांतात मात्र ते ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम पाळून, समीकरणानुसार निर्माण होते, आणि तेच लोकांना खटकते. कृत्तिकाताईंच्या श्रोत्याने विचारलेल्या प्रश्नाची ही शास्त्रीय भाषेतील मांडणी आहे, असे मला वाटते.

परंतु निरीक्षणे त्यांच्या बाजूने गेली नाहीत, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. मार्टिन राइल यांनी केलेल्या रेडिओ स्रोतांच्या मोजणीत दूरचे, म्हणजे भूतकाळातील, विश्व आजच्यापेक्षा वेगळे दिसू लागले. पुढे १९६५ मध्ये पार्श्वभूमीचे सूक्ष्मतरंग प्रारण, म्हणजे ध्रुवमत्स्य यांनी सांगितलेला तो प्राचीन प्रकाश, जाहीर झाले आणि बहुतेकांनी स्थिर स्थिती सिद्धांत सोडून दिला. १९९३ मध्ये हॉयल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी त्याचे सुधारित रूप मांडले. त्यात विश्व दीर्घ काळात प्रसरण पावत राहते, पण त्याचबरोबर चार-पाच हजार कोटी वर्षांच्या आवर्तनांनी आकुंचन-प्रसरणही करते, आणि पार्श्वभूमीचे प्रारण हे मागील आवर्तनांतील ताऱ्यांच्या प्रकाशाचे, अवकाशातील लोखंडाच्या सूक्ष्म तंतूंनी शोषून पुन्हा बाहेर टाकलेले रूप असते. कल्पना धाडसी होती. पण कोबे उपग्रहाने १९९० मध्ये दाखवलेला त्या प्रारणाचा जवळजवळ निर्दोष वर्णपट, आणि त्यानंतर डब्ल्यूमॅप व प्लांक या उपग्रहांनी मोजलेली त्यातील बारीक चढउतारांची रचना, यांचे स्पष्टीकरण प्रचलित प्रतिमान जेवढ्या काटेकोरपणे देते, तेवढे या प्रतिमानाला देता आले नाही.

मला नारळीकरांकडून शिकायला मिळाले ते वेगळेच. आपले म्हणणे अल्पमतात आहे हे ते सभागृहात स्पष्ट सांगत, विरुद्ध बाजूचा पुरावा स्वतःच मांडत आणि मग आपले आक्षेप सांगत. १९८८ मध्ये आयुका ही पुण्यातील खगोलशास्त्र संशोधन संस्था त्यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. आज तेथून होणारे बरेचसे विश्वशास्त्रीय संशोधन ते ज्याला विरोध करत होते त्याच चौकटीत होते, आणि संस्थेची उभारणी त्यांनी अशीच केली होती. २० मे २०२५ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले. त्यांचा सिद्धांत टिकला नाही, पण आरंभाविषयीची त्यांची हरकत टिकली आहे. शिवाय सी-क्षेत्रामुळे ज्या प्रकारचे घातांकी प्रसरण होते, तशाच प्रसरणाचे गणित पुढे स्फीतीच्या सिद्धांतात आले, ही गोष्टही विसरू नये.

कृत्तिका

दोघांचीही मनापासून आभारी आहे. ध्रुवाच्या दृष्टान्तामागे एक विशिष्ट प्रस्ताव आहे, हे मला इतकी वर्षे ठाऊक नव्हते. एक विचारते: सामान्य सापेक्षता तेथे चालत नाही हे मान्य, मग तेथे चालेल असा सिद्धांत घेऊन कोणी खरोखर पलीकडे गणित करून पाहिले आहे काय? की 'ठाऊक नाही' एवढेच सांगून मी थांबावे?

मृगशीर्ष

गणित करून पाहिले आहे, आणि ज्यांनी ते केले त्यांतील अग्रणी महाराष्ट्रातले आहेत. अभय अष्टेकर यांचा जन्म १९४९ मध्ये धुळे जिल्ह्यातील शिरपूर येथे झाला. सध्याच्या काळातील गुरुत्वविषयक सैद्धान्तिक संशोधनात त्यांचे नाव पहिल्या फळीत घेतले जाते. १९८६ मध्ये त्यांनी आइन्स्टाइन यांच्या समीकरणांची नव्या चलांत मांडणी केली आणि त्या मांडणीवर कार्लो रोवेली, ली स्मोलिन आदींसह 'लूप क्वांटम ग्रॅव्हिटी' हा सिद्धांत उभा राहिला.

त्याचे सार असे आहे. सामान्य सापेक्षता अवकाशाला अखंड मानते, म्हणजे कितीही लहान तुकडा घेतला तरी त्याचा आणखी लहान तुकडा करता येतो. खादीचे कापड हातभर अंतरावरून अखंड दिसते, पण भिंगाखाली ठेवले की आडवे-उभे धागे दिसतात आणि दोन धाग्यांमध्ये कापड असे काही नसतेच. या सिद्धांतानुसार अवकाशही असेच विणलेले आहे आणि क्षेत्रफळाला एक किमान मूल्य आहे. ते इतके लहान आहे की त्याच्या तुलनेत अणूचे केंद्रकही अवाढव्य ठरावे. ज्याला तुकडे आहेत ते अनंतापर्यंत दाबता येत नाही. २००१ मध्ये मार्टिन बोजोवाल्ड यांनी ही कल्पना विश्वशास्त्राला लावून पाहिली, आणि २००६ मध्ये अष्टेकर, पाव्लोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांनी संपूर्ण उत्क्रांतीचे तपशीलवार गणित प्रसिद्ध केले. विश्वाला त्या गणितात मागे मागे नेत गेले, तर घनता वाढत वाढत प्लांक घनतेच्या सुमारे ४१ टक्क्यांपर्यंत पोहोचते. ही घनता म्हणजे पाण्याच्या घनतेपुढे एकावर सुमारे त्र्याण्णव शून्ये. तेथे पुंजगुणधर्मांमुळे गुरुत्व आकर्षणाऐवजी प्रतिकर्षण करू लागते, अनंत घनता कधीच येत नाही, आणि काळाची रेषा न तुटता पलीकडे जाते. पलीकडे आकुंचन पावणारे विश्व आहे. ज्याला आपण महास्फोट म्हणतो ती या चित्रात उसळी आहे.

आपल्या श्रोत्यांना हे सांगताना त्यातील उणिवाही सांगाव्यात, नाहीतर ध्रुवाच्या दृष्टान्ताच्या जागी उसळीचा दृष्टान्त येईल आणि चूक तीच राहील. हे गणित प्रामुख्याने सर्वत्र सारख्या असलेल्या, सोप्या केलेल्या विश्वासाठी आहे. मूळ संपूर्ण सिद्धांतातून ते पायरीपायरीने काढलेले नाही. उसळीपूर्वीच्या विश्वाची किती स्मृती अलीकडे पोहोचते, याबद्दल त्याच क्षेत्रातील संशोधकांत तीव्र मतभेद झाले: बोजोवाल्ड यांच्या मते बरीचशी माहिती पुसली जाते, तर इतरांच्या गणितानुसार ती टिकते. अष्टेकर आणि त्यांचे सहकारी पार्श्वभूमीच्या प्रारणात मोठ्या कोनांवर अपेक्षेपेक्षा कमी आढळणाऱ्या चढउतारांचा संबंध उसळीशी जोडता येतो काय हे तपासत आले आहेत. पण आकाश एकच असल्यामुळे मोठ्या कोनांवर नमुने मोजके मिळतात आणि ती कमतरता निव्वळ योगायोगाचीही असू शकते.

एक अडचण मात्र उसळीच्या सर्वच सिद्धांतांना भेडसावते आणि मला ती सर्वांत खोल वाटते. विश्व पुन्हापुन्हा आकुंचन-प्रसरण करत असेल, तर प्रत्येक आवर्तनात एन्ट्रॉपी, म्हणजे विस्कळीतपणा, वाढत गेली पाहिजे, हे रिचर्ड टोलमन यांनी १९३० च्या दशकातच दाखवले. आकुंचन पावणाऱ्या विश्वात कृष्णविवरे असतील, द्रव्याचे गोळे असतील, सर्व काही विस्कटलेले असेल. मग उसळीनंतरचे आपले विश्व इतके एकसारखे, इतक्या कमी एन्ट्रॉपीचे कसे निघाले? पेनरोझ यांनी यावर स्वतंत्र मार्ग काढला आहे. अतिदूरच्या भविष्यात विश्वात जवळजवळ प्रारणच उरेल, प्रारणाला लांबी-रुंदीचे माप उरत नाही, आणि म्हणून एका युगाचा शेवट हाच गणिताने पुढच्या युगाचा आरंभ मानता येतो, असे ते म्हणतात. त्यांनी त्याच्या खुणा म्हणून प्रारणात सम-केंद्री वर्तुळे सापडल्याचा दावा २०१० मध्ये केला. इतरांनी तीच माहिती तपासली तेव्हा तशी वर्तुळे योगायोगानेही तितकीच आढळतात असे दिसले.

पूर्वपक्ष

मी भौतिकशास्त्राचा नव्हे, दर्शनशास्त्राचा अभ्यासक आहे, म्हणून थोडक्यात आणि फक्त शब्दांविषयी लिहितो. 'आधी काहीच नव्हते' या वाक्यात आपण तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. भौतिकशास्त्राचे निर्वात म्हणजे अभाव नव्हे. त्यात क्षेत्रे असतात, त्यांची कंपने असतात, नियम असतात. विलेन्किन यांनी १९८२ मध्ये विश्व 'शून्यातून' उद्भवल्याचा प्रस्ताव मांडला. त्या शून्यात अवकाश नाही आणि काळही नाही, तरी पुंजभौतिकीचे नियम मात्र आहेत. आणि तत्त्वज्ञ ज्याला निखळ अभाव म्हणतात, त्यात नियमही नाहीत. व्याख्यानात या तिन्हींपैकी कोणते 'काहीच नाही' अभिप्रेत आहे, हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आपल्याकडे न्याय-वैशेषिकांनी 'प्रागभाव' ही संज्ञा योजली आहे: घट होण्यापूर्वी असलेला घटाचा अभाव. त्याला आरंभ नाही, पण घट तयार झाला की त्याचा अंत होतो. विश्वालाही असाच प्रागभाव होता असे म्हणणे सोपे वाटते. पण प्रागभाव ज्यात राहतो तो काळ वैशेषिकांनी नित्य द्रव्य म्हणून आधीच मान्य केलेला आहे. म्हणजे काळालाच आरंभ असेल तर काळाचा प्रागभाव कशात राहणार? हॉकिंग यांना जे म्हणायचे होते त्याचा तार्किक गाभा हाच आहे आणि तो चुकीचा नाही. 'जर' काळाला आरंभ असेल, 'तर' त्याच्या आधीचा प्रश्न उद्भवत नाही. त्या गृहस्थांनी बोट ठेवले ते 'जर'वर.

ऋग्वेदातील नासदीय सूक्ताचा उल्लेख येथे कोणी ना कोणी करीलच, म्हणून एवढेच म्हणतो की त्याला आजच्या सिद्धांताचे पूर्वज्ञान ठरवू नये. हे सर्व जो वरून पाहतो त्यालाही हे ठाऊक असेल किंवा नसेल, अशा शंकेवर ते सूक्त थांबते, आणि त्याची थोरवी त्या शंकेत आहे.

ध्रुवमत्स्य

पूर्वपक्ष यांनी 'जर' वेगळा काढून दाखवला, त्याबद्दल त्यांचे आभार. कृत्तिकाताई, आता आपल्या श्रोत्यांच्या दुसऱ्या वाक्याकडे वळतो: 'हे कोण पाहून आले?' प्रकाशाने ३,८०,००० वर्षांच्या अलीकडेच पाहता येते, कारण त्यापूर्वी विश्व धुक्यासारखे अपारदर्शक होते. परंतु गुरुत्वीय लहरींना, म्हणजे अवकाश-काळातील तरंगांना, ते धुके अडवत नाही. स्फीती झाली असेल तर तिने निर्माण केलेल्या लहरींची पुसट खूण पार्श्वभूमीच्या प्रारणाच्या ध्रुवीकरणात, एका विशिष्ट पिळाच्या आकृतीत, उमटलेली असली पाहिजे. उसळीचे आणि चक्रीय विश्वाचे काही प्रस्ताव ही खूण जवळजवळ नसेल असे सांगतात. म्हणजे येथे प्रस्तावांमध्ये निवड करू शकेल अशी कसोटी आहे.

ती किती अवघड आहे ते २०१४ मध्ये दिसले. दक्षिण ध्रुवावरील बायसेप-२ या दुर्बिणीच्या गटाने त्या वर्षी मार्चमध्ये ही खूण सापडल्याचे जाहीर केले आणि जगभर आनंद साजरा झाला. वर्षभराच्या आत प्लांक उपग्रहाच्या माहितीशी ताडून पाहिल्यावर कळले की तो संकेत मुख्यतः आपल्याच आकाशगंगेतील धुळीचा होता. त्याच गटाने प्लांकबरोबर बसून तसे प्रसिद्ध केले. तेव्हापासून उपकरणे पुष्कळ सुधारली, खूण अद्याप सापडलेली नाही, आणि त्यामुळे स्फीतीचे काही साधे नमुने बाद झाले आहेत. 'कोणी पाहिले' याला आजचे उत्तर 'अजून कोणी नाही, पण कुठे पाहायचे ते ठरले आहे' असे देता येईल.

जवळचे उदाहरण हवे असेल तर नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. तिच्या साहाय्याने भारतीय गट पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ ठोके पाठवणारे तारे, यांचे ठोके मोजतो, आणि जून २०२३ मध्ये युरोपीय गटाबरोबर त्याने अतिदीर्घ गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीचे पुरावे जाहीर केले. या लहरी बहुधा महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांच्या आहेत; अतिप्रारंभीच्या विश्वाचा त्यात काही वाटा असेल काय, हेही अभ्यासक तपासत आहेत. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला प्रदर्शन भरते आणि दुर्बीण सर्वांना पाहता येते. वाचनालयातर्फे एक गाडी करून त्या गृहस्थांना अवश्य घेऊन जा.